सरत्या समरची गाणी

‘समर’ या इंग्रजी शब्दाला शब्दकोशात ‘उन्हाळा’ असा प्रतिशब्द दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण ज्याने दोन्ही ऋतू भोगले आहेत त्याला तो पटतही नाही. आपला उन्हाळा म्हणजे दारं-खिडक्या लावून घेण्याचा काळ. दुपारी रस्ते ओस, अंगणात कुरडया-पापडांना राखण, माठातलं पाणी आणि संध्याकाळची वाट. गाणी आपण रचली ती पावसावर. उन्हाळ्याच्या वाट्याला आपल्या कवितेत आले ते पळस, गुलमोहर आणि चातकाचं वाट पाहणं. मी राहते त्या न्यू जर्सीत मात्र सगळं उलट आहे. पाच-सहा महिने कोट, बूट आणि बर्फ उपसायची फावडी सांभाळल्यावर जो मोकळा काळ मिळतो, तो समर. इथे लोक उन्हापासून पळत नाहीत, उन्हाकडे धावतात. त्यामुळे त्यांची पावसाची गाणी दुःखाची आणि समरची गाणी आनंदाची असणार, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

गेली काही वर्षं ही गाणी जरा नीट, तारखा लावून ऐकते आहे. निमित्त साधं आहे. दिवाळी अंकाचे लेख लिहायचे दिवस आणि इथला लेबर डेचा लाँग वीकेंड दर वर्षी एकमेकांवर येतात. बाहेर शेजारी शेगडीवर कणसं भाजत असतात, कुणाच्या तरी अंगणातला स्पीकर साठ वर्षांपूर्वीची गाणी वाजवत असतो आणि मी टेबलाशी कागद घेऊन बसलेली असते. त्या तीन दिवसांत हे लक्षात येत गेलं की, समरची म्हणून जी गाणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यातली बरीचशी समर संपण्याची आहेत.

आधी पंचांग पाहू. अमेरिकन समर खगोलशास्त्राप्रमाणे २१ जूनच्या सुमारास सुरू होतो, पण लोकव्यवहारात तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, लेबर डेला संपतो. गावोगावचे सार्वजनिक पोहण्याचे तलाव या दोन सोमवारांच्या हिशेबाने उघडतात आणि मिटतात. संगीताच्या धंद्याचं मुखपत्र असलेलं ‘बिलबोर्ड’ समरचं सर्वांत लोकप्रिय गाणं ठरवतं तेही याच दोन दिवसांच्या दरम्यानच्या आकड्यांवरून.

आता हे दोन दिवस मुळात कशाचे? मेमोरियल डे हा श्राद्धाचा दिवस. यादवी युद्धानंतर, १८६८ साली जनरल जॉन लोगन यांनी ३० मे रोजी मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहावीत असं फर्मान काढलं. त्याला तेव्हा ‘डेकोरेशन डे’ म्हणत. लेबर डे कामगारांचा. न्यूयॉर्कमध्ये ५ सप्टेंबर १८८२ रोजी कामगारांनी पहिला मोर्चा काढला आणि १८९४ साली, पुलमन रेल्वे डब्यांच्या कारखान्यातला संप चिघळत असताना, अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी ही सुट्टी देशभर लागू करणाऱ्या कायद्यावर सही केली. ती तारीख होती २८ जून. पुढे १९६८ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी मेमोरियल डेसह काही सुट्ट्या सोमवारी नेऊन ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली, तीही २८ जूनलाच. योगायोगच, पण मला तो आवडतो. १९७१पासून हा कायदा अमलात आला आणि लाँग वीकेंड सरकारी शिक्क्याचा झाला. माजी सैनिकांच्या संघटना आजही कुरकुरतात की, तारीख हलवली आणि श्राद्धाची सहल झाली.

शाळांच्या सुट्टीचंही असंच. मुलांनी शेतावर राबावं म्हणून समरची सुट्टी सुरू झाली, असं इथे सर्रास सांगतात. खरं तर शेतीची निकड पेरणीला आणि कापणीला, म्हणजे वसंतात आणि शरदात. ग्रामीण शाळा त्या काळात बंद असत आणि चक्क भर उन्हाळ्यात भरत. शहरांतल्या शाळा जवळजवळ वर्षभर चालत. एकोणिसाव्या शतकात शहरं तापू लागली, ऐपत असलेली कुटुंबं डोंगरात आणि समुद्राकडे जाऊ लागली, वर्ग रिकामे पडू लागले आणि सुधारकांनी दोन्हींचा मेळ घालून आजची लांब सुट्टी घडवली. थोडक्यात, समर हा ऋतूपेक्षाही एक सामाजिक करार आहे. एकाला सुट्टी मिळते, दुसरा त्या सुट्टीत त्याला आइस्क्रीम विकतो.

या कराराचं पहिलं मोठं गाणं १९०२ सालचं. जॉर्ज इव्हान्सची चाल, रेन शील्ड्‌सचे शब्द, नाव ‘इन द गुड ओल्ड समर टाइम’. तेव्हा गाणं विकलं जाई ते छापील स्वरलिपीच्या रूपात, घरोघरच्या पियानोसाठी. प्रकाशक हे गाणं घ्यायला नाखूश होते, कारण तीन महिन्यांत शिळं होणारा माल कोण छापणार? ते छापलं गेलं आणि तुफान खपलं. मला त्याच्या नावातला ‘ओल्ड’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच गाजलेल्या समरगीताने आपला विषय ‘जुने ते दिवस’ म्हणून मांडला! १९४९ साली याच नावाचा चित्रपट निघाला, जूडी गार्लंडचा, आणि त्याचं कथानक गाण्याच्याच जमान्यात, शतकाच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं होतं. म्हणजे हळहळीवर आणखी एक थर.

जॉर्ज गर्श्विनचं ‘समरटाइम’ आपल्याकडच्या पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांनाही माहीत असतं, बहुधा एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या आवाजात. ती मुळात अंगाई आहे. १९३५ सालच्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेराच्या आरंभीच क्लारा नावाची तरुण आई बाळाला सांगते की, दिवस सुखाचे आहेत, काळजीचं कारण नाही. शब्द ड्यूबोस हेवर्डचे. स्थळ साउथ कॅरोलायनामधल्या चार्ल्‌स्टनची गरीब काळी वस्ती. अंगाईतलं एकही आश्वासन खरं नाही हे प्रेक्षकाला दिसत असतं. पुढे वादळात बाळाचा कोळी बाप बुडतो, त्याला शोधायला गेलेली क्लाराही जाते, आणि तीच अंगाई बेस त्या पोरक्या बाळासाठी गाते. सुटं गाणं ऐकणाऱ्याला हे ठाऊक नसतं. त्याला फक्त सुस्त दुपार ऐकू येते. पण गर्श्विनच्या स्वरांत ती दुपार पहिल्यापासून काळवंडलेली आहे. तो स्वतः १९३७च्या जुलैत, अडतिसाव्या वर्षी गेला.

तीनच वर्षांनी, १९३८ साली, नाझींपासून पळून न्यूयॉर्कला आलेल्या कुर्ट वाइलने ‘निकरबॉकर हॉलिडे’ या संगीत नाटकासाठी ‘सप्टेंबर साँग’ बांधलं. शब्द मॅक्सवेल अँडरसनचे. गायचं होतं वॉल्टर ह्यूस्टनला. तो नट मोठा, पण गळ्याचा पल्ला बेताचा, वय पंचावन्न. वाइलने चाल त्या मर्यादित, खरखरीत आवाजाच्या मापानं शिवली. नाटकातला म्हातारा गव्हर्नर एका तरुणीला विनवतो, आणि वर्षाचे महिने म्हणजे आयुष्याचे टप्पे असा हिशेब मांडतो. आपल्याकडे वानप्रस्थ म्हणतात तो इथला सप्टेंबर. वयाची भाषा अमेरिकन गाण्यात पक्की झाली ती इथे, असं माझं मत आहे. पुढे फ्रँक सिनात्राने, जो आमच्याच न्यू जर्सीतल्या होबोकनचा, पन्नाशी गाठताना १९६५ साली ‘सप्टेंबर ऑफ माय इयर्स’ नावाची अख्खी तबकडी काढली आणि पुढच्या वर्षी ‘समर विंड’ गायलं. ते ऐकताना कुणीतरी खुर्ची जरा मागे सरकवून बोलतंय असं वाटतं. पंचविशीत मला ते कंटाळवाणं वाटायचं.

मग सगळं पोरांच्या हातात गेलं. १९५४च्या अखेरीस खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला, मोटारी होत्याच, आणि गाणं घरच्या पियानोवरून किनाऱ्यावरच्या वाळूत गेलं. १९५८ साली एडी कॉक्रनने ‘समरटाइम ब्लूज’ गायलं. हा मुलगा एकोणीस वर्षांचा. गाण्यातली तक्रार सुट्टीची नाही, सुट्टीतल्या कामाची आहे: मालक सोडत नाही, घरचे गाडी देत नाहीत, आणि लोकप्रतिनिधी म्हणतो की तुला मताचा अधिकारच नाही. तेव्हा मताचं वय एकवीस होतं. ते अठरा झालं १९७१ साली. कॉक्रन तोवर राहिला नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये मोटार अपघातात गेला तेव्हा तो एकवीसच वर्षांचा होता.

आणि मग बीच बॉइज. यांच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण एका गाण्याच्या जातीचं म्हातारपण पाहायचं असेल तर यांच्याइतका पुरावा दुसरीकडे नाही.

कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या अंगाला हॉथॉर्न नावाचं साधं उपनगर आहे, समुद्रापासून काही मैल आत. तिथले विल्सन बंधू ब्रायन, डेनिस आणि कार्ल, त्यांचा आतेभाऊ माइक लव्ह आणि मित्र अल जार्डिन यांनी १९६१च्या अखेरीस लाटांवर स्वार होण्याच्या खेळावरची पहिली तबकडी काढली. गंमत अशी की, त्या पाचांत तो खेळ खऱ्या अर्थाने खेळणारा एकटा डेनिस. सगळं रचणारा ब्रायन पाण्याला बिचकत असे. म्हणजे अमेरिकेचा समर ज्याने जगभर पोचवला त्याने तो काठावरून पाहिला. मार्च १९६३मध्ये आलेलं ‘सर्फिन यू.एस.ए.’ तुफान चाललं. त्याची चाल चक बेरीच्या ‘स्वीट लिटल सिक्स्टीन’ची होती. बेरी, रॉक अँड रोलचा पाया घालणारा काळा गायक, त्या वेळी तुरुंगात होता. श्रेय आणि हक्क त्याच्याकडे नंतर गेले.

हॉथॉर्नहून समुद्राकडे निघालं की मॅनहॅटन बीच लागतो. १९१२ साली विला आणि चार्ल्‌स ब्रूस या काळ्या दांपत्याने तिथे समुद्रालगत जागा घेऊन काळ्या कुटुंबांसाठी विश्रामधाम काढलं, कारण बहुतेक किनारे त्यांना बंद होते. आजूबाजूच्यांनी छळ केला, आणि १९२४ साली गावाने बागेचं कारण पुढे करून जमीन ताब्यात घ्यायची कारवाई सुरू केली. ब्रूस कुटुंबाच्या वारसांना ती परत मिळाली २०२२ साली. ब्रायन विल्सन वीस वर्षांचा असताना हा इतिहास त्याच्या गावी नसणार, आणि त्याचा दोष त्याला देता येत नाही. पण त्या गाण्यांतला किनारा इतका गोरा, इतका मोकळा आणि निष्पाप का दिसतो, याचं उत्तर गाण्याच्या बाहेर, जमिनीच्या कागदपत्रांत सापडतं.

पुढचं वळण मात्र मला सर्वांत विलक्षण वाटतं. १९६४च्या ‘ऑल समर लाँग’मध्ये बावीस वर्षांचा ब्रायन चालू समरकडे आठवण म्हणून पाहायला लागला होता. १९६८ साली ‘डू इट अगेन’ आलं. त्यात विशीतली ही मुलं जुने मित्र, जुना किनारा पुन्हा गाठू या म्हणून गळा काढतात. जुना म्हणजे किती? पाच वर्षांपूर्वीचा! व्हिएतनाम आणि हत्यांच्या त्या वर्षात पाच वर्षं एखाद्या युगासारखी वाटत असतील. १९७४ साली कंपनीने त्यांच्या जुन्या गाण्यांचं संकलन ‘एंडलेस समर’ या नावाने काढलं. ते बाजारात आलं जूनमध्ये आणि पहिल्या क्रमांकावर पोचलं ऑक्टोबरमध्ये, पानगळ सुरू झाल्यावर. तिथून पुढे बीच बॉइजचा श्रोता नवं गाणं मागेनासा झाला. तो स्वतःचं वय मागायला यायचा.

१९८३ साली तर ही गाणी राजकारणात सापडली. वॉशिंग्टनमध्ये ४ जुलैच्या सोहळ्यात रॉक बँड नकोत, त्याने नको ती मंडळी गोळा होतात, असा फतवा अंतर्गत खात्याचे मंत्री जेम्स वॉट यांनी काढला. आदल्या काही वर्षांत तिथे गायलेल्यांत बीच बॉइज होते. देशभर हसू झालं. अध्यक्ष रेगन यांनी वॉट यांना गोळीचं भोक पडलेला प्लास्टरचा पाय भेट दिला, स्वतःच्या पायावर गोळी झाडल्याबद्दल. वीस वर्षांपूर्वी ज्यांना आईबाप नाकं मुरडत, ते आता राष्ट्रीय ठेवा ठरले होते. त्याच वर्षी २८ डिसेंबरला डेनिस, त्यांच्यातला एकुलता एक खरा लाटांवरचा स्वार, मरीना डेल रे इथे बुडून मेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

आमच्या न्यू जर्सीचा किनारा कॅलिफोर्नियाइतका सोनेरी नाही. इथे वाळूच्या कडेने मैलोन्‌मैल लाकडी फळ्यांचा उंच रस्ता, बोर्डवॉक, जातो. त्यावर पाळणे, नेमबाजीचे स्टॉल, तळलेल्या पिठाचा वास. ड्रिफ्टर्सचं ‘अंडर द बोर्डवॉक’ (१९६४) अशाच फळ्यांखालच्या सावलीचं गाणं. ज्या दिवशी ते ध्वनिमुद्रित व्हायचं त्याच्या आदल्या रात्री त्यांचा मुख्य गायक रूडी ल्यूइस वारला. ध्वनिमुद्रण ठरल्याप्रमाणे झालं, जॉनी मूर गायला. हे कळल्यापासून त्या गाण्यातला आराम मला आराम वाटत नाही.

ब्रूस स्प्रिंगस्टीन इथलाच, फ्रीहोल्डचा. त्याचं ‘फोर्थ ऑफ जुलै, ॲस्बरी पार्क’ १९७३ साली, त्याच्या चोविसाव्या वर्षी आलं. बोर्डवॉकवरचं आयुष्य आता पुरे झालं, असं एक तरुण एका मुलीला सांगतो आहे. ॲस्बरी पार्कच्या नशिबात मात्र वेगळाच ४ जुलै होता. १९७० साली त्याच दिवशी तिथल्या पश्चिम भागातल्या काळ्या वस्तीत दंगल पेटली आणि आठवडाभर धुमसली. किनाऱ्यावरच्या हंगामी नोकऱ्या बाहेरून येणाऱ्या गोऱ्या मुलांना मिळतात, आमच्या पोरांना नाही, ही तिथली एक जुनी तक्रार. आइस्क्रीम विकण्याची बाजूसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हती. त्यानंतर ते गाव कित्येक दशकं भकास होतं. स्प्रिंगस्टीनच्या गाण्यात दंगल नाही; निघून जाण्याची घाई आहे.

इथे माझा स्वतःचा हिशेब मांडते. माणसाला उतारवयात सर्वांत दाट आठवतात ती साधारण दहा ते तीस या वयातली वर्षं, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात, आणि गाण्यांच्या बाबतीत ते विशेष खरं ठरतं. मी सव्विसाव्या वर्षी इथे आले. म्हणजे तो डबा जवळजवळ भरल्यावर. माझ्या डब्यात विविध भारती आहे आणि गदिमांचं मामाच्या गावाला निघालेल्या आगगाडीचं गाणं आहे, आशाबाईंच्या आवाजातलं. या गाण्याचं व्याकरण पाहा. ते जाण्याचं आहे, निघण्याचं. सुट्टी अजून सगळी पुढे आहे. अमेरिकन समरगीत बहुतेक वेळा भूतकाळात बोलतं. मी हे मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आई, पण तू ते गाणं भूतकाळातच ऐकतेस ना?”

एक गाणं मात्र दोन्ही डब्यांत आहे. १९८५-८६ साली पुण्यात आमच्या हॉस्टेलवर ब्रायन ॲडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टी नाइन’ कॅसेट झिजेपर्यंत वाजायचं. भारतात ते जितकं भिनलं तितकं फार थोडी इंग्रजी गाणी भिनली. गाणारा कॅनडाचा, जन्म नोव्हेंबर १९५९, म्हणजे १९६९च्या समरमध्ये तो नऊ वर्षांचा होता. जिथे कुणीच गेलं नव्हतं अशा एका तारुण्याची हळहळ आम्ही मे महिन्यातल्या पंख्याखाली, परीक्षांच्या दिवसांत, मनापासून करत होतो. एकविसाव्या वर्षी! उसनी हळहळही खरी असते हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. आता ते गाणं इथल्या वाणसामानाच्या दुकानात, भाजी निवडताना वाजतं, आणि मला १९६९ आठवत नाही, अमेरिका तर नाहीच. सदाशिव पेठेतली दुपार आठवते.

दर वर्षी समरचं नवं गाणं येतंच. त्यांतली किती टिकतील कोण जाणे. गायकाचं वय तरी त्यात आड येत नाही. १९९६ साली सगळ्या देशाला नाचवणारं ‘माकारेना’ स्पेनच्या दोन अठ्ठेचाळिशीतल्या गृहस्थांचं होतं. ते बिलबोर्डच्या यादीत चौदा आठवडे पहिलं होतं, आणि त्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात भले भले प्रतिनिधी त्यावर हात हलवत होते.

बीच बॉइजचे उरलेले सदस्य २०१२ साली, पन्नास वर्षं झाल्याच्या निमित्ताने, पुन्हा एकत्र आले. कार्लही तोवर गेला होता. ब्रायन सत्तरीला टेकला होता, कधी पियानोपाशी शून्यात पाहत बसे. समोरचे श्रोतेही त्याच वयाचे, आणि सोबत नातवंडं. त्या वर्षीच्या नव्या तबकडीवरचं शेवटचं गाणं आहे ‘समर्स गॉन’. ब्रायनबरोबर ते रचणाऱ्यांत जॉन बॉन जोवी होता, आमच्या सेयरव्हिलचा. ते संथ आहे, त्यात किनारा आहे, पण किनाऱ्यावर कुणी नाही, आणि अखेरीस फक्त पाण्याचा आवाज राहतो. २०२५च्या ११ जूनला ब्रायन विल्सन वारला, ब्याऐंशीव्या वर्षी. मेमोरियल डे होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि तलाव नुकतेच उघडले होते.